आत्याच्या मुलाशी लग्न ठरतंय, पुढे बाळाला काही होईल का? आधी टेस्ट कोणत्या करायच्या?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी २६, मूळची सांगलीकडची, नोकरीला पुण्यात. घरी माझं आणि आत्याच्या मुलाचं लग्न ठरतंय. ठरतंय म्हणजे काय, मी दहावीत असल्यापासून प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी म्हणायचंच "ही काय, आत्याचीच सून", तेव्हा जाम राग यायचा. आता मात्र खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही हे हवंय, जबरदस्ती वगैरे काही नाहीये, त्यामुळे पळून जा, पोलिसांत जा असले सल्ले कृपया नकोत :)

अडचण अशी झाली की रूममेटला सांगितलं तर ती एकदम "वेडी आहेस का, मुलं अपंग होतात" म्हणाली आणि मी रात्रभर गूगल करत बसले. एका ठिकाणी लिहिलंय धोका दुप्पट, दुसरीकडे लिहिलंय काही होत नाही, तिसरीकडे राजघराण्यांचे फोटो. आईला विचारलं तर तिचं म्हणणं, गोत्र वेगळं, देवक वेगळं, पत्रिका बघितली, एकनाड पण नाही, मग कसला धोका? पप्पा म्हणतात चुलत किंवा मावस असता तर भाऊ झाला असता, हे नातं तर पूर्वापार चालत आलंय, अर्जुनाने नाही का सुभद्रा केली, ती मामाचीच मुलगी ना.

आमचा दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे धोका अजून वाढतो असंही एका काकूंनी सांगून ठेवलंय. आणि हो, त्याच्या थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. आत्याला सातव्या महिन्यात मोठा ताप आला होता त्यामुळे तसं झालं असं घरात सांगतात. ताई अगदी हुशार आहे, कोल्हापुरात एका ऑफिसात डेटा एन्ट्री करते, टायपिंग माझ्या दुप्पट स्पीडने. पण आता मनात किडा वळवळायला लागलाय.

तर जाणकारांनी सांगा, खरा आकडा किती, आणि लग्नाआधी काय तपासून घेऊ. घाबरवू नका पण खोटा धीरही देऊ नका.

जुना_सातारकर

पोरी, काही घाबरू नकोस. मी स्वतः मामाची मुलगी केलीय, ४१ वर्षं झाली. माझ्या वडिलांनीही मामाचीच केली होती. आमच्याकडे भाच्याचा पहिला मान, मामाने पोरगी बाहेर दिली तर बहीण रुसून माहेरी यायची बंद व्हायची. मला दोन मुलगे, एक मुलगी, तिघंही ठणठणीत, नातवंडं क्रिकेट खेळून खिडक्या फोडतात. ही भीती शहरातल्या डॉक्टरांनी घातलीय. तोटा एकच, सासरा म्हणजे लहानपणी ज्याने कडेवर घेतलेलं तो मामा, त्यामुळे बायकोशी भांडण झालं की तक्रार करायला जागा उरत नाही, आई पण भावाच्या लेकीचीच बाजू घेते.

चहाबाज

काका __/\__

पण एक शंका, हे कायद्याने चालतं का? मी कुठेतरी वाचलं होतं की हिंदू विवाह कायद्यात आते-मामे पण बंदीत येतात.

वकीलीणबाई

येतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ज्या नात्यांत लग्न होऊ शकत नाही त्यांत भाऊ-बहिणीची मुलं, दोन भावांची मुलं, दोन बहिणींची मुलं अशी तिन्ही धरलीत, म्हणजे आते-मामे, चुलत, मावस सगळीच. वर सपिंडाचा, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्याचा नियम वेगळा, आईकडून तीन पिढ्या आणि बापाकडून पाच. पण कलम ५ मध्येच पळवाट म्हणा की सवलत म्हणा, दोघांच्याही समाजात तशी रूढी असेल तर लग्न वैध. आते-मामे लग्नं महाराष्ट्रात आणि खाली दक्षिणेत त्या रूढीवरच उभी आहेत. रूढी मात्र खरोखर जुनी, सलग चालत आलेली पाहिजे, आणि दोन्ही बाजूंची. कोर्टात प्रश्न आला तर ती सिद्ध करायला लागते. चुलत भावंडांचं लग्न हिंदूंमध्ये या सवलतीत बसवणं अवघड, मुस्लिम कायद्यात मात्र चुलत काय आते काय, सगळीच चालतात.

रजिस्टर पद्धतीने, म्हणजे १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली करणार असाल तर तिथेही आते-मामे बंदीच्या यादीत आहेत, १९६३ पासून तिथेही रूढीची सवलत घातली. उगाच नोटीस लावून बसू नका, आधी वकिलाला विचारा. सांगलीकडच्या घरात रूढी दाखवायला अडचण यायची नाही, पण गृहीत धरू नये.

डलासकर

इकडे टेक्सासमध्ये २००५ पासून सख्ख्या आते-मामे-चुलत-मावस लग्नाला बंदी आहे. इलिनॉयमधली गंमत म्हणजे दोघांचं वय ५० च्या वर असेल तर चालतं, म्हणजे मुलं होणार नसतील तर करा बापडे. आमच्या मंडळाच्या गणपतीत एका कन्नड मित्राने बायकोची ओळख "मामाची मुलगी" अशी करून दिली तर शेजारच्या अमेरिकन जोडप्याच्या हातातला मोदक हातातच राहिला.

अवांतर: चार्ल्स डार्विनची बायको एमा ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. १८३९ मध्ये लग्न, दहा मुलं, त्यातली तीन लहानपणीच गेली. आयुष्यभर त्याला खात राहिलं की हे आपल्या नात्यातल्या लग्नामुळे तर नाही. १८७१ च्या जनगणनेत चुलत-मामे लग्नाचा प्रश्न घाला म्हणून त्याने खटपट पण केली, पार्लमेंटने काही घातला नाही.

गुणसूत्र

मी जेनेटिक काउन्सेलर आहे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देते, रोज हेच काम. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी काकांचं बोलणं घेते, कारण ते खोटं नाही. सातारकर काका, तुमच्या घरात काही झालं नाही हे अगदी बरोबर, आणि नात्यात लग्न केलेल्या बहुतेक घरांत काही होतच नाही. कुठल्याही जोडप्याला, अगदी एक काश्मीरचा आणि एक केरळची असली तरी, जन्मजात मोठा दोष असलेलं मूल होण्याची शक्यता शेकडा दोन-तीन असतेच. सख्ख्या आते-मामे जोडप्यात ती साधारण पाच-सहावर जाते. इंग्लंडात ब्रॅडफर्ड गावात ११ हजारांवर बाळांचा अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला, तिथे पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत चुलत-मामे लग्नं भरपूर, आणि आकडा तोच निघाला, तीनाचा सहा. आता हे दोन तऱ्हेने सांगता येतं. "दुप्पट झाला" म्हटलं की रूममेटसारखी दातखीळ बसते, आणि "शंभरातली चौऱ्याण्णव व्यवस्थित" म्हटलं की काकांसारखं निर्धास्त वाटतं. दोन्ही एकच गोष्ट आहे. त्याच अभ्यासात हेही दिसलं की पस्तिशीच्या पुढे बाळ होऊ देणाऱ्या गोऱ्या बायकांचा धोकाही जवळपास तेवढाच वाढतो, पण त्यांना कुणी "वेडी आहेस का" म्हणत नाही.

आता हे होतं कसं. आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडची एक वडिलांकडची. प्रत्येक माणसाच्या अंगात थोड्या बिघडलेल्या प्रती असतातच, तुमच्या, माझ्या, गुरुजींच्या पण. दुसरी चांगली प्रत काम ओढून नेते म्हणून पत्ता लागत नाही, अशा माणसाला वाहक म्हणायचं. परक्या माणसाशी लग्न झालं तर त्याची बिघडलेली प्रत बहुतेक वेगळ्याच जनुकाची, म्हणून मूल सुटतं. पण तुमचे आजी-आजोबा एकच असतील तर आजीची एक बिघडलेली प्रत एका बाजूने मुलाकडून आणि दुसऱ्या बाजूने मुलीकडून खाली उतरून पणतवंडात पुन्हा एकत्र येऊ शकते. आई-बाप दोघंही एकाच गोष्टीचे वाहक असतील तर प्रत्येक वेळी चारात एक. हे "प्रत्येक वेळी" नीट लक्षात ठेवा, पहिलं बाळ तसं झालं म्हणून पुढची तीन सुटली असा हिशोब नसतो.

गोत्राचं म्हणाल तर ते आडनावासारखं फक्त बापाकडून पळतं. जनुकं दोन्हीकडून येतात. त्यामुळे गोत्र बघून चुलत बहीण ही बहीण ठरते आणि मामाची मुलगी परकी ठरते, पण रक्ताच्या हिशोबात दोघी अगदी सारख्या, आठवा हिस्सा समान. एकनाड आणि रक्तगटाचा तर इथे काहीच संबंध नाही. दोघं बी पॉझिटिव्ह म्हणजे रक्तपेढीत सोय, एवढंच. आईचा आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तेव्हा भानगड होते, ती वेगळी, आणि तिच्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे. काकूंना नमस्कार सांगा.

आता तुझ्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी तू "आणि हो" म्हणून शेवटी टाकलीस. ताईचं न ऐकू येणं.

वरचे पाच-सहा टक्के हे ज्यांच्या घरात काहीच माहीत नाही त्यांच्यासाठीचे. तुमच्या घरात काहीतरी माहीत आहे, म्हणून तुमचा हिशोब वेगळा मांडावा लागेल. ताप हे कारण असू शकतं, गरोदरपणी रुबेला झाला तर बाळाला ऐकू येत नाही, पण तो धोका मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांतला, सातव्या महिन्यातला ताप मला तितकासा पटत नाही. शिवाय मेंदूज्वर, कमी दिवसांचं बाळ, जन्मानंतरची जबर कावीळ, काही अँटिबायोटिक्स, अशी बरीच कारणं आहेत. पण जन्मजात बहिरेपणात निम्म्याहून जास्त वेळा कारण जनुकांत असतं, आणि त्यातलं बरंचसं अशाच लपलेल्या प्रतींचं, आई-बापांना छान ऐकू येतं आणि मुलाला येत नाही. जीजेबी२ नावाचं एक जनुक यात वारंवार सापडतं.

समजा ताईचं कारण तसंच आहे. मग आत्या आणि आत्याचे यजमान दोघंही वाहक. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला ऐकू येतं, म्हणजे तो वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. आत्या वाहक म्हणजे तुझे पप्पा असण्याची शक्यता निम्मी, आणि तू असण्याची चारात एक. दोघंही वाहक असण्याची सहात एक, आणि मग बाळाला चारात एक. म्हणजे चोवीसात एक. अंदाजे चार टक्के, तेही फक्त या एका गोष्टीचे.

करायचं काय: तुम्ही दोघांनी आधी टेस्ट करू नका. आधी ताईची करा. तिच्यात नक्की कुठल्या जनुकाचा कुठला बिघाड हे सापडलं की मग तुमच्या दोघांच्या रक्तात फक्त तीच जागा बघायची, उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ मिळतं. उलटं केलं, म्हणजे ताईला सोडून तुम्हीच एकदम बऱ्याच जनुकांची मोठी तपासणी करून आलात, तर रिपोर्टवर "काही आढळले नाही" येईल आणि त्याचा अर्थ कुणालाच लावता येणार नाही. लोक नेहमी इथेच चुकतात, कारण ज्याला त्रास आहे त्याला दवाखान्यात नेणं लाजेचं वाटतं.

शिवाय दोघांनी एचबीए२ची तपासणी करा, थॅलेसेमियाची, तो असाच लपलेल्या प्रतींमुळे होणारा रक्ताचा आजार. साधी रक्ततपासणी, स्वस्त. आणि कागद घेऊन आजी-पणजीपर्यंतचा वंशवृक्ष काढ. कुणाची लहान बाळं गेली, कुणाला फिट येत होत्या, कोण "मंद" म्हणून घरात ठेवलेलं होतं, कोणाची लग्नं नात्यातच झाली, सगळं लिही. म्हाताऱ्या बायकांना विचार, पुरुषांना यातलं काही माहीत नसतं.

चहाबाज

वाचनखूण साठवली. गणिताच्या सरांनी असं शिकवलं असतं तर संभाव्यतेत नापास झालो नसतो.

कृष्णाकाठची

गुणसूत्र ताई, किती आभार मानू. दोनदा वाचलं. वंशवृक्ष काढायला बसले, आजीला फोन लावला तर तासभर बोलली, आजोबांच्या दोन बहिणी लहानपणीच "वारल्या" एवढंच तिला माहितीये. आमच्या आईचे आई-वडील आणि पप्पांचे आई-वडील एकमेकांचे कुणी नव्हते, ते बरं आहे ना?

एक छोटी गोष्ट राहिली सांगायची, त्याने फरक पडतो का माहीत नाही. आमच्यात साटंलोटं झालेलं आहे. म्हणजे पप्पांची बहीण माझ्या मामाला दिली आणि मामाची बहीण म्हणजे माझी आई पप्पांना केली, दोन्ही लग्नं एकाच मांडवात. त्यामुळे आत्या हीच माझी मामी. तो आत्याचा पण मुलगा आणि मामाचा पण. लहानपणी आम्ही भांडायचो की तुझं आजोळ ते माझं घर आणि माझं आजोळ ते तुझं घर.

गुणसूत्र

अगं बाई. ही छोटी गोष्ट नाही.

साट्यालोट्यातली मुलं म्हणजे दुहेरी भावंडं. साध्या आते-मामे भावंडांचे एका बाजूचे आजी-आजोबा समान असतात, तुमचे चारही समान आहेत. म्हणजे आठवा नाही, पाव हिस्सा समान, सावत्र भावंडांत असतो तेवढा. बाळाच्या जनुकांत जिथे दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात तो भाग साध्या आते-मामे जोडप्यात सरासरी सव्वासहा टक्के धरतात, तुमच्यात साडेबारा. सख्ख्या मामाशी लग्न झालं तर असतो तितकाच. ते आंध्र-कर्नाटकात आणि आपल्या सीमेलगत चालतं, पण सांगलीच्या बऱ्याच घरांत कुणी मामा-भाचीचं नाव काढलं तर आजी कानावर हात ठेवतील. आणि तुमचं मात्र बिनदिक्कत ठरतंय कारण नाव "आत्याचा मुलगा" आहे.

ताईच्या बाबतीतला आकडा परत काढते. आता तुझे पप्पा आत्याचे भाऊ म्हणून वाहक असण्याची निम्मी शक्यता, आणि तुझी आई मामाची बहीण म्हणून तिचीही निम्मी. तुला ऐकू येतं हे धरून तू वाहक असण्याची शक्यता पाचात दोन होते, चारात एक राहत नाही. त्याची तीनात दोन तीच. गुणाकार करून बाळाला पंधरात एक.

चोवीसात एकचं पंधरात एक झालं ते मांडव एक होता म्हणून. दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा आपापसात नातेवाईक नव्हते हे बरंच म्हणायचं, ते असते तर अजून वर गेलं असतं.

मी लग्न करू नका म्हणत नाहीये, ते माझं कामच नाही. पण तुमच्या केसमध्ये ताईची तपासणी ही "केली तर बरं" या प्रकारातली राहिली नाही. आणि ताईला नीट सांगून, तिची परवानगी घेऊन. रक्त तिचं आहे.

सखूबाई

आमची आजी म्हणायची मामाची मुलगी करावी पण आत्याची करू नये, वेल उलटा फिरवायचा नाही. आता कळलं की साट्यालोट्यात वेल उलटा, सुलटा, सगळीकडूनच फिरतो.

बाकी एक सांगते, साटंलोटं करायचे ते हुंडा वाचवायला. दोन्हीकडे मुलगी, देणं-घेणं फिट्टंफाट. आणि मुलीला त्रास दिला तर तुमचीही मुलगी आमच्याकडे आहे हा धाक. तो धाक मोडला की दोन्ही संसार मोडतात, एकीला घरी पाठवली की दुसरीला पण पाठवायची. हे पण धर हिशोबात, रक्ताच्या टेस्टमध्ये येणार नाही.

एक_बाप

लिहू का नको करत होतो.

आम्ही लातूरकडचे. मी मामाची मुलगी केली, २००८ ला. कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पहिली मुलगी आठ महिन्यांची असताना पांढरीफट्ट पडली, दूध पिईना, पोट फुगलेलं. गावातल्या डॉक्टरने लोहाचं औषध दिलं, महिना गेला. मग मोठ्या दवाखान्यात कळलं थॅलेसेमिया मेजर. आम्ही दोघंही वाहक, आम्हाला कधी साधा अशक्तपणा पण नव्हता. आता ती १४ वर्षांची आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो, त्यातलं लोह अंगात साठतं ते काढायला रोज गोळ्या. शाळेत जाते, चित्रं चांगली काढते. दर तीन आठवड्यांनी एक दिवस शाळा बुडते तेवढंच, असं ती सांगते. आम्हाला विचाराल तर कॅलेंडर बघितल्याशिवाय आम्ही कुठलंच काम ठरवत नाही.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. हे कळलं तेव्हा सगळ्यांनी बायकोला धरलं. माझी आई, म्हणजे तिची सख्खी आत्या, तिने स्वतः मागणी घालून आणलेली भाची, तीच म्हणायला लागली की माहेराकडून दोष घेऊन आली. अहो पण तिचं माहेर म्हणजे माझ्या आईचंच माहेर ना. ती प्रत माझ्या आईतूनच माझ्यात आली असणार. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा आई गप्प झाली, त्यानंतर वर्षभर ती भावाकडे गेली नाही. कुणाचीच चूक नव्हती आणि सगळी घरं फुटली.

दुसऱ्या वेळी आम्ही अकराव्या आठवड्यात वारेची तपासणी, म्हणजे वारेचा बारीक तुकडा काढून बाळाची जनुकं बघतात ती, करून घेतली. मुलगा वाहक निघाला, म्हणजे आमच्यासारखाच, बरा आहे. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही.

ताई, एचबीए२ची टेस्ट काही शे रुपयांत होते. आमचं घर त्या काही शे रुपयांवरून फुटलं.

गुणसूत्र

एक_बाप, लिहिलंत हे फार बरं केलंत. बायकोला धरणं हा प्रकार मी आठवड्यातून एकदा तरी बघते. अशा आजारात दोघांची एक-एक प्रत लागते, एकटी बाई हे करूच शकत नाही.

कृष्णाकाठची, त्यांनी सांगितलेल्या तपासणीबद्दल थोडं. घरातला बिघाड नक्की माहीत असेल तरच ती करता येते, म्हणून परत ताई. वारेची साधारण ११ ते १३ आठवड्यांत, गर्भजलाची १६ च्या आसपास. पुढे काय करायचं हा निर्णय तुमचा. आणि बहिरेपणासाठी गर्भपात करावा का यावर तर आमच्या क्षेत्रातही एकमत नाही, बरीच जोडपी फक्त तयारीसाठी जाणून घेतात. जन्मल्या जन्मल्या कानाची ओएई तपासणी, लवकर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र), खुणांची भाषा, पहिल्या काही महिन्यांत सुरुवात झाली तर फार फरक पडतो. ताईच्या वेळी हे काही नव्हतं.

मुंबईत असाल तर थॅलेसेमिया, सिकलसेलसाठी परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय संस्था आहे, आणि कानासाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था. पुण्यातही मोठ्या हॉस्पिटलांत जेनेटिक ओपीडी असते.

विदर्भवाला

आमच्याकडे मामाची मुलगी करत नाहीत फारसं, पण सिकलसेल, तोही असाच रक्ताचा आनुवंशिक आजार, घराघरात आहे, कारण लग्नं त्याच त्या समाजात. नातं नसलं म्हणून सुटका नाही. २०२३ ला सरकारी मोहीम सुरू झाली, कार्ड देतात, लग्न जुळवताना दोघांची कार्डं शेजारी ठेवून बघायची. आमच्या गावात पत्रिकेच्या आधी कार्ड मागायला लागलेत लोक.

गुणसूत्र

अगदी. पिढ्यानपिढ्या एकाच छोट्या जातीत लग्नं म्हणजे लांबचं का होईना नात्यातलंच लग्न. आंध्रातल्या वैश्य समाजात भूल देताना स्नायू ढिले करायला वापरतात ते एक ठरावीक औषध शरीरात मोडून टाकणारं एन्झाइमच काही जणांत कमी असतं, तिकडचे भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी जात विचारतात ती याच्यासाठी.

जुना_सातारकर

सगळं वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपल्या लग्नानंतर पहिलं बाळ सहाव्या दिवशी गेलेलं ते तुम्ही लिहिलं का? मी लिहिलं नव्हतं. तेव्हा सटवाईचं काहीतरी म्हणून सोडून दिलेलं. कशाने गेलं ते आता कळायचं नाही. नातवासाठी मामाच्या मुलीचं बोलणं सुरू आहे, मुलाला सांगितलंय आधी या बाईंचा धागा वाच.

कृष्णाकाठची

मंडळी, तीन आठवडे झाले, अपडेट देते.

पहिली भिंत आत्या. "ताईची टेस्ट" म्हटल्यावर तिला वाटलं आम्ही तिच्या मुलीत खोट काढतोय, दोन दिवस फोन घेतला नाही. शेवटी पप्पांना एक_बाप यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, पप्पा उठून गच्चीवर गेले आणि तिथूनच बहिणीला फोन केला. काय बोलले माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मामांचा मेसेज, "कधी यायचं ते सांग".

मग वाटलं जमलं. पण इतक्या सगळ्यात ताईला कुणी विचारलंच नव्हतं. गुणसूत्र ताईंनी लिहिलेलं आठवलं आणि मी तिला व्हिडिओ कॉल केला, त्याने खुणांनी समजावलं, मी मधे मधे टाइप करत होते. ती शांतपणे बघत होती. मग तिने टाइप केलं, "मी ३१ वर्षांची आहे. मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही की मला ऐकू का येत नाही. आई म्हणते ताप. आजी म्हणायची ग्रहणात आईने भाजी चिरली. मला पण माहीत करून घ्यायचंय."

परवा पुण्याला तिघं गेलो, तिचं रक्त दिलं, आम्हा दोघांचं एचबीए२ नॉर्मल आलंय. ताईच्या रिपोर्टला काही आठवडे लागतील म्हणाले. साखरपुड्याची तारीख त्यानंतरची धरू असं दोन्ही घरांत ठरलंय, दोन्ही घरं म्हणजे तशी एकच.

लॅबच्या फॉर्मवर रिपोर्ट कुणाला पाठवायचा असा रकाना होता. आत्याने सवयीने मामांचा नंबर लिहिला. ताईने पेन घेऊन तो खोडला आणि स्वतःचा लिहिला.